ला क्रेसेंटची व्हाइट वाइन: टीए १३ च्या वर, जर्दाळूचा वास न घालवता आंबटपणा उतरवायचा कसा?

वेलवेडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

थंड हवेत वेली लावायच्या म्हटल्यावर शार्डोने, सोव्हिन्यों ब्लांक वगैरे हिवाळ्यात तगणार नाहीत हे कळत होतं म्हणून ला क्रेसेंट लावली. फार जणांनी नाव ऐकलेलं नसतं. मिनेसोटा विद्यापीठानं २००२ मध्ये बाहेर काढलेली ही जात आहे, एका बाजूनं सेंट पेपिन ही द्राक्षाची जात आणि दुसऱ्या बाजूनं द्राक्षांच्या नव्या जाती काढणाऱ्या एल्मर स्वेन्सन यांची एक निवड, ज्यात रिपारिया ही जंगली वेल आणि मस्कट हॅम्बर्ग हे सुवासिक द्राक्ष दोन्ही आहेत. त्यामुळे काटकपणा जंगली वेलीचा आणि वास मस्कटचा असं काहीतरी अजब मिश्रण झालंय. पक्कं झालेलं खोड उणे ३५ अंशांच्या आसपासची थंडीसुद्धा काढतं.

यंदा चौथं वर्ष, आणि पहिल्यांदाच मनासारखे घड आले. डाऊनी रोगानं पानं थोडी खाल्ली पण घड वाचले. काढणी करून, देठ काढून, मणी हलके चुरडून लगेच दाबले, २३ लिटर रस निघाला. आकडे असे: ब्रिक्स (साखरेचं माप) २३, पीएच ३.०२, टीए (एकूण आंबटपणा) १३.१ ग्रॅम लिटरला. टीए मी घरीच काढला, १० मिली रस, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच ८.२ ला थांबलो तेव्हा १७.५ मिली गेलं होतं, गुणिले ०.७५.

रसाचा घोट घेतला तर आधी जर्दाळू येतो, मग संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, डोळे मिटून घ्यावेत इतकं छान, आणि मग एकदम दात आंबतात. गालातून पाणी सुटतं आणि जीभ आत ओढली जाते. साखर एवढी असून ही तऱ्हा, तर साखर आंबून गेल्यावर काय उरेल या विचारानं मला झोप नाही.

रस सध्या थंडीत ठेवलाय, साका खाली बसतोय, खराब होऊ नये म्हणून सल्फाइट थोडं घातलंय. यीस्ट अजून टाकलेलं नाही. आंबटपणा उतरवायला पोटॅशियम बायकार्बोनेटची पावडर हाताशी आहे. आत्ता घालू की आंबवण झाल्यावर? आणि किती? वास गेला तर या द्राक्षात राहिलं काय, म्हणून हात थांबलाय.

निवळ

वेलवेडा, तुमचे आकडे अगदी या जातीचेच आहेत, चुकलेलं काही नाही. ला क्रेसेंट पिकली तरी पीएच ३ च्या आसपास आणि टीए १२-१३ हे नेहमीचंच, कधी ब्रिक्स २५ होऊनसुद्धा आंबटपणा तिथेच बसलेला असतो. त्यामुळे "लवकर तोडली का" म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

पण बायकार्बोनेट घालायच्या आधी तुमच्या रसात कुठलं अ‍ॅसिड आहे ते समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथे आहे. द्राक्षात मुख्य दोन, टार्टरिक आणि मॅलिक. मणी पिकताना वेल श्वसनात मॅलिक जाळते, टार्टरिकला जवळपास हात लावत नाही. हे जाळणं ऊब असेल तर जोरात चालतं, म्हणून गरम भागातल्या द्राक्षात शेवटी मॅलिक जेमतेम उरतं. थंड रात्री असल्या की मॅलिक तसंच राहतं, त्यात रिपारियाचं रक्त असलेल्या जातींत ते मुळातच जास्त. म्हणजे तुमच्या १३ मधला मोठा हिस्सा मॅलिकचा असणार, ते दात आंबवणारं, कच्च्या हिरव्या सफरचंदासारखं जे लागतं ना तेच.

आणि बायकार्बोनेटचा खरा उपयोग टार्टरिकवर होतो. ते टार्टरिकशी मिळून पोटॅशियम बायटार्टरेटचे खडे बनतात, ते थंडीत खाली बसतात आणि आंबटपणा खरोखर बाहेर जातो. मॅलिकचे असे खडे बसत नाहीत. आता तुम्ही सगळा भार बायकार्बोनेटवर टाकला तर टार्टरिक संपेल, मॅलिक राहील आणि पीएच मात्र उडी मारून वर जाईल. वाइन एकाच वेळी बेचव आणि आंबट लागते मग. ऐकायला विचित्र वाटतं पण प्यायल्यावर लगेच कळतं.

हिशेब सांगतो. व्यवहारात लिटरला साधारण ०.९ ग्रॅम बायकार्बोनेटनं टीए १ ग्रॅम उतरतो. सगळे खडे नीट बसले तर कागदावर ०.६७ पुरतं पण तेवढं हातात पडत नाही. मी तुमच्या जागी फक्त २ ग्रॅम उतरवायला घालीन, म्हणजे ०.९ गुणिले २ गुणिले २३, साधारण ४१ ग्रॅम. त्याच्या पुढे आत्ता जायचं नाही. बाकीचं यीस्ट, थंडी आणि शेवटी थोडी गोडी यांच्यात वाटून द्या.

चोथा_आणि_रस

निवळ यांचं शंभर टक्के बरोबर, आणि मी हे भोगून बसलेय म्हणून लिहितेय.

माझ्या पहिल्या वर्षी टीए १२.६ होता, मी गणित मांडलं की मला ७ पाहिजे तर एवढे एवढे ग्रॅम, आणि सगळं एका दमात जारमध्ये ओतलं. पहिली गोष्ट म्हणजे जार गळ्यापर्यंत भरलेला, बायकार्बोनेट पडताच असा फेस उसळला की दोनेक लिटर रस फरशीवर. तो पुसून होतो हो, पण पुढचं पुसता आलं नाही. पीएच ३.७ वर गेला, आंबवण पार पडली, आणि वाइन चाखली तर जिभेवर साबण चोळल्यासारखं, वर थोडं खारट. वसंतापर्यंत रंग पिवळ्याचा तपकिरीकडे झुकला. वास जर्दाळूचा होता तो उकडलेल्या जर्दाळूचा झाला. एवढी मेहनतीची द्राक्षं, हातानं एकेक घड तोडलेले, फार वाईट वाटलं.

त्यामुळे घालताना एवढं करा, वेगळ्या मोठ्या भांड्यात दोन-तीन लिटर रस घ्या, त्यात पावडर थोडी थोडी ढवळत घाला, फेस बसू द्या, मग ते मुख्य जारमध्ये मिसळा. आणि जारमध्ये वर जागा ठेवाच.

आणखी एक, चुरडून लगेच दाबलंत ते बरं केलंत. सालीबरोबर जास्त वेळ ठेवलं तर सालीतलं पोटॅशियम रसात उतरून आंबटपणा थोडा कमी होतो हे खरंय, पण कडवटपणाही उतरतो. मी एका वर्षी रात्रभर ठेवलं होतं, घशाशी कडू रेघ राहिली ती शेवटपर्यंत गेली नाही. आणि चोथा शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, तो शेवटचा एक-दीड लिटर वेगळा ठेवावा, चाखून बघितलंत तर का ते कळेल.

वेलवेडा

बाप रे, बरं झालं विचारलं. मी तर सरळ ५ ग्रॅम उतरवायचं ठरवून तराजू काढून बसलो होतो.

पिळताना शेवटचा रस वेगळा ठेवला नाही, ते राहून गेलं. यीस्टचं कुणी सांगेल का? माझ्याकडे दोन पुड्या आहेत, ईसी-१११८ आणि ७१बी.

थंड_खोली

७१बी, डोळे मिटून. कारण सांगतो. बहुतेक यीस्ट मॅलिकला फारसं विचारत नाहीत, ७१बी त्यातलं साधारण २० ते ४० टक्के खाऊन टाकतं. तुमच्या रसात समजा मॅलिक ६ ग्रॅम असलं आणि त्यातलं चौथा हिस्सा जरी गेलं तरी दीड ग्रॅम, टार्टरिकच्या मापात ते आणखी थोडं जास्त भरतं, आणि हे अगदी त्याच अ‍ॅसिडमधून जातंय जे बायकार्बोनेटनं हलत नाही! शिवाय पीएच फार न हलवता. ईसी-१११८ जबरदस्त काम करतं, कुठल्याही परिस्थितीत आंबवण पूर्ण करतं, पण या द्राक्षासाठी ती पुडी अडीअडचणीला राखून ठेवा.

एक ध्यानात ठेवा की यीस्ट आंबवताना स्वतः थोडं सक्सिनिक अ‍ॅसिड बनवतं, म्हणून कागदावरची वजाबाकी पूर्ण हातात येत नाही. १३ मधून २ गेले, पावणेदोन गेले, थंडीत एखादा गेला, तर ८.३ येईल असं वाटतं पण ८.५-९ धरून चला.

तापमान १४ ते १६ अंश. ह्याच्यावर मी फार जीव टाकतो कारण हा वास मस्कटकडून आलेला आहे, टर्पीन जातीचे सुगंध, आणि जोरात उकळ्या मारत आंबलं की कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर वास खोलीत जातो. खोलीत छान वास येतोय म्हणून आपण खूश होतो आणि तो सगळा बाटलीत यायचा वास असतो! एअरलॉकमधून (गॅस फक्त बाहेर सोडणारं झाकण) सेकंदाला एक बुडबुडा एवढ्या चालीनं चाललं की मला बरं वाटतं. दोन-अडीच आठवडे लागतात, लागू देत.

यीस्टला खाणं द्या. रस इतका निवळून घेतला की नायट्रोजन कमी पडतो, मग यीस्ट उपाशी राहून हायड्रोजन सल्फाइड सोडतं, सडक्या अंड्याचा वास. न्यूट्रियंट दोन हप्त्यांत, एक आंबवण सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी आणि दुसरा साखर साधारण तिसऱ्या हिश्श्यानं उतरल्यावर.

आणि बायकार्बोनेटबद्दल माझं मत निवळपेक्षा थोडं वेगळं आहे. मी रसात काहीच घालत नाही. पीएच ३.० म्हणजे वाइनचं चिलखत आहे, त्या पीएचला वाईट बॅक्टेरिया पाय ठेवत नाहीत, रंग टिकतो, थोडं सल्फाइट पुरतं. आंबवण होऊ द्या, थंडीत ठेवा, मग किती उरलंय ते चाखून ठरवा. आधीच घातलं आणि यीस्टनं अपेक्षेपेक्षा जास्त मॅलिक खाल्लं तर परत टार्टरिक घालायची पाळी येते.

निवळ

थंड खोली, तुमचा मुद्दा पटतो, ११ पर्यंत टीए असता तर मीही थांबलो असतो. पण १३ आणि पीएच ३.०२ ला यीस्टलाही जड जातं, सुरुवात रडत-खडत होते, म्हणून थोडा भार आधी हलका करायचा एवढंच म्हणणं. ४१ ग्रॅम नको वाटत असतील तर वीसच घाला, म्हणजे अंदाजे १ ग्रॅम उतरेल आणि दोघांचंही राहील.

मॅलोलॅक्टिकचं कुणी सुचवायच्या आधीच लिहितो. बॅक्टेरिया मॅलिकचं मऊ लॅक्टिक करतात, १ ग्रॅमचं ०.६७ होतं, हे सगळं खरं. सेव्हाल ब्लांकसारख्या मुळात गप्प वासाच्या द्राक्षाला ते शोभतं, गाळावर ठेवून मुरवली की अंग भरतं. पण ला क्रेसेंटमध्ये लोण्याचा वास जर्दाळूवर चढून बसतो. शिवाय ३.१-३.२ च्या खाली ते बॅक्टेरिया धड चालतही नाहीत. आणि मॅलोलॅक्टिक केलेल्या किंवा पुढे होऊ शकेल अशा वाइनमध्ये सॉर्बेट (आंबवण परत सुरू होऊ नये म्हणून घालतात ते) घातलं तर बॅक्टेरिया त्याचं चुरडलेल्या जिरेनियमच्या पानासारखा वास येणारं काहीतरी करून ठेवतात, तो वास एकदा आला की गेला म्हणून कधी ऐकलं नाही.

उशिरा_पिकलेली

मी वेगळ्या बाजूनं लिहिते, राग मानू नका कुणी. तुम्ही सगळे आंबटपणाला शत्रू धरून चाललाय. मोझेल खोऱ्यातली रीझलिंग बघा, तिथे आंबटपणा ढीगभर असतो आणि थोडी साखर ठेवून लोक त्याच जोरावर दहा-वीस वर्षं टिकणारी वाइन करतात. ला क्रेसेंटला ८.५-९ चा टीए आणि लिटरला १५-२० ग्रॅम साखर दिली की ती गोड लागत नाही, ती *रसाळ* लागते, आणि जर्दाळूचा वास तर साखरेनं दुप्पट उघडतो. कोरडी करायचा हट्ट धरून ६.५ पर्यंत खरवडत नेलं की हातात नुसतं पाणी. माझ्या मते ही जात कोरड्या वाइनची नाहीच.

थंड हवेत दर जातीचं दुखणं वेगळं असतं. सोलारिस घ्या, ती १९७५ मध्ये फ्रायबुर्गला तयार झाली, आता डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेपर्यंत पोचलीय. तिथे भानगड उलटी, साखर भराभरा चढते, दोन आठवडे दुर्लक्ष झालं की आंबटपणा उतरून वाइन दारूसारखी जड होते आणि गांधीलमाशा घडावर तुटून पडतात. आपल्याला निदान ताजेपणा फुकट मिळतो.

वेलीवर करायचं एक काम राहिलं. मणी वाटाण्याएवढे झाले की घडांच्या भोवतीची पानं काढून टाका, सकाळच्या उन्हाच्या बाजूची. ऊन लागलेल्या मण्यांत मॅलिक जास्त जळतं, सावलीतल्या घडात आणि उन्हातल्या घडात चाखून फरक कळतो, माझ्या वेलीवर मी दोन्ही मणी शेजारी शेजारी तोंडात टाकून बघितलेत. डाऊनीलाही वारा लागून आळा बसतो. आणि काढणी लांबवायची तर मणीगळीवर लक्ष ठेवा, ही जात पिकली की घड हलवला तरी मणी खाली. हिमानं पानं एकदा करपली की थांबून काही उपयोग नाही, साखर बनवणारं पानच गेलं.

वेलवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला उशीर झाला कारण सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

शेवटी वीस ग्रॅम घातले, वेगळ्या भांड्यात, ताईंनी सांगितलं तसं, फेस आला पण फरशी कोरडी राहिली. ७१बी, १५ अंश, एकोणीस दिवस चाललं. मधे एकदा सातव्या दिवशी अंड्याचा वास यायला लागला, न्यूट्रियंटचा दुसरा हप्ता द्यायचा राहिला होता, दिला आणि दोन दिवसांत वास गेला. गाळावरून निथळून घेतली आणि जार बाहेर थंडीत ठेवला, उणे २-३ अंशांत तीन आठवडे. काल उचलून बघितला तर तळाशी काचेला चिकटलेले खडे, बारीक साखर पसरावी तसे, विजेरी मारली की चमकतात. एवढा आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

टीए ९.४ आला आणि पीएच ३.१२. चव अजून टोकदार आहे पण दात आंबत नाहीत. जर्दाळू शाबूत! आता ९.४ वरून पुढे काय?

थंड_खोली

आधी एक विचारतो, मोजायच्या आधी वाइनमधला गॅस काढला होता का? ताज्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तोही टायट्रेशनमध्ये अ‍ॅसिड म्हणून मोजला जातो आणि टीए फुगलेला दिसतो. अर्धा पेला वाइन झाकण लावलेल्या बाटलीत जोरात हलवा, झाकण उघडा, परत हलवा, फुस्स आवाज थांबेपर्यंत. मग मोजा.

वेलवेडा

नव्हता काढला. आत्ता काढून परत मोजलं, ८.९.

निवळ

मग बायकार्बोनेटची बाटली कपाटात ठेवा की नाही ते पेल्यात ठरवा, जारमध्ये नाही. १०० मिलीचे चार नमुने घ्या. १० ग्रॅम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा, त्यातलं ०.९ मिली एका नमुन्यात टाकलं की ते लिटरला ०.९ ग्रॅमच्या हिशेबानं झालं, म्हणजे १ ग्रॅम उतरवण्याचा नमुना. दुसऱ्यात निम्मं. हे दोन नमुने तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवूनच चाखा, कारण खडे बसायला वेळ लागतो, लगेच चाखलं तर वाटतं काहीच झालं नाही आणि हात सैल सुटतो. उरलेल्या दोनात नुसती साखर, लिटरला १० आणि १८ ग्रॅमच्या हिशेबानं. आणि कुणाला तरी पेले अदलाबदल करून द्यायला सांगा, कुठला कुठला ते तुम्हाला कळता कामा नये.

वेलवेडा

केलं. बायकोनं पेल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मी चाखले. बायकार्बोनेटचा पूर्ण नमुना मी शेवटच्या क्रमांकावर ठेवला, वास तोच पण मधे पोकळ. निम्मा ठीक होता. १० ग्रॅम साखरेचा चांगला. १८ चा पेला उचलला आणि मी परत खाली ठेवलाच नाही, संपवला. जर्दाळू नाकात, मग रस, मग शेवटी आंबटपणा येऊन तोंड स्वच्छ. उशिरा पिकलेली ताई, तुमचं म्हणणं जिभेनं मान्य केलं. बायकार्बोनेट आता घालत नाही.

बाटलीत भरताना काय काळजी घेऊ तेवढं सांगा.

उशिरा_पिकलेली

फार छान वाटलं वाचून!

साखर घालणार तर आंबवण परत सुरू होता कामा नये, ही एक गोष्ट गंभीरपणे घ्या. मी एका वर्षी "वाइन निवळलीय, यीस्ट मेलंय" म्हणून तशीच भरली, उन्हाळ्यात रात्री बुचं उडाली आणि दोन बाटल्या फुटल्या. काच होती, कुणी जवळ असतं तर? त्यामुळे आधी पूर्ण निवळू द्या, मग पोटॅशियम सॉर्बेट लिटरला ०.२ ग्रॅम आणि त्याच्या जोडीला सल्फाइट. सॉर्बेट चालू आंबवण थांबवत नाही, फक्त थांबलेली परत सुरू होऊ देत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. साखर घातल्यावर एअरलॉक लावून दोन-तीन आठवडे जारमध्येच वाट बघा, एक बुडबुडाही आला नाही की मगच बाटल्या.

पीएच ३.१२ ठेवल्याचा फायदा इथे मिळेल. मोकळं सल्फाइट साधारण १६-१८ मिलिग्रॅम लिटरला असलं की तेवढं संरक्षण मिळतं, तेच ३.५ ला नेलं असतं तर चाळीसच्या घरात लागलं असतं आणि त्याचा झोंबरा वास नाकात येतो.

चोथा_आणि_रस

आणि बेंटोनाइट (वाइन निवळवायची माती) विसरू नका. मस्कटच्या रक्ताच्या वाइनमध्ये प्रोटीन बरंच असतं, बाटली उबेला आली की धुरकट होते. थोडी वाइन गाळून ८० अंशांवर दोन तास ठेवा, रात्रभर गार करा, सकाळी उजेडात धरा. दुधी दिसली तर बेंटोनाइट लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून सुरू करा, जितकं कमी तितकं बरं कारण ते थोडा वासही घेऊन जातं. साखर घालायच्या आधी करा हे.

वेलवेडा

रात्री परीक्षा लावली होती, सकाळी बघितलं, दुधी आहे. आज अर्ध्या ग्रॅमनं सुरू करतोय, बेंटोनाइट पाण्यात फुगत ठेवलंय.